झांज विरण्याआधीचा आवाज

जुलैच्या मध्यावर संगीत कंपनीचं पाकीट आलं. उशिओदाने ते लाँड्रीच्या काउंटरवरच फोडलं. आत एक सीडी होती. वेष्टनावर अकागी डोंगराकडे पाठ करून तीन म्हातारे उभे होते. मधला ओनुकी, गायक. त्याने काळा चष्मा लावला होता. डावीकडे हानावा, बेस गिटारवाला. त्याच्या डोळ्यांवर ऊन येत होतं. आणि उजवीकडे स्वतः उशिओदा, ड्रम वाजवणारा, चुकीच्या रांगेत उभं राहिल्यासारखा चेहरा करून.

"आली गं एकदाची," तो आतल्या खोलीकडे वळून म्हणाला. मग त्याला आठवलं, आत कुणी नाही.

मार्चपासून हे असंच चाललं होतं. त्याची बायको साएको एका सकाळी इस्त्रीच्या टेबलाशी खाली बसली ती उठलीच नाही. तेव्हापासून उशिओदाच्या डोक्यात कुठलीच गोष्ट जागच्या जागी राहीना. औषधाच्या दुकानातल्या बाईंचा पांढरा झगा त्याने हॉटेलच्या आचाऱ्याला देऊन टाकला, आणि आचाऱ्यानेही तो निमूटपणे घातला. चहा कधी दोनदा व्हायचा, कधी एकदाही नाही. मुलगी मिनाए शेजारच्या गावातून रविवारी यायची, फ्रिज उघडून बघायची आणि बंद करायची.

'ओरोशी' हा त्यांचा बँड मोडून चाळीस वर्षं होत आली होती. ताकासाकीतल्या एका गोदामात सुरू झालेला हा बँड तोक्योपर्यंत पोचला, रेडिओवर वाजला आणि ओनुकी-हानावाच्या भांडणात संपला. भांडण कशावरून, ते आता दोघांनाही सांगता येत नव्हतं. उशिओदा सासऱ्यांच्या लाँड्रीत उभा राहिला आणि तिथलाच झाला. मग दोन वर्षांपूर्वी कुणा पोराने त्यांचं जुनं गाणं इंटरनेटवर टाकलं, ते भलतंच चाललं, आणि एक छोटी कंपनी विचारायला आली. तिघे पुन्हा भेटले. गेल्या हिवाळ्यात पाच नवी गाणी ध्वनिमुद्रित झाली.

त्यासाठी कंपनीने शिबुकावाच्या चढावरचं एक बंद पडलेलं विश्रामगृह भाड्याने घेतलं होतं. मोठ्या हॉलमध्ये तिघे एकत्र वाजवायचे, आणि उशिओदाच्या मागे उशी टाकून साएको बसायची. तिने भाताचे गोळे आणि थर्मास आणलेला असायचा. ती तिथे बसायची ते मात्र खाण्यासाठी नव्हे. बँडची ती जुनी रीत होती. तरुणपणीही एखादं वाजवून झालं की तिघे साएकोकडे बघायचे. तिला संगीतातलं काही कळत नाही, हे ती स्वतःच सांगायची. म्हणूनच तिच्या बोलण्याचा राग ना ओनुकीला यायचा ना हानावाला. तिने मान हलवली की पुन्हा वाजवायचं. तिने "हं, हेच" म्हटलं की झालं, पुढे कुणी वाद घालायचा नाही.

पाचवं गाणं 'कोरडी नदी'. ते काही केल्या जमेना. वाजवून वाजवून सगळे वैतागले होते. शेवटी एकदा उशिओदाने अखेरची झांज मारली, आणि तिचा नाद हवेत असतानाच साएको मागून म्हणाली, "हं, हेच."

ध्वनिमुद्रण बघणारी कोइके नावाची तरुण बाई काचेपलीकडे डोक्याला हात लावून बसली. झांज पूर्ण विरेपर्यंत कुणी श्वासही घ्यायचा नाही, हे ती सकाळपासून बजावत होती. ओनुकी पोट धरून हसला. साएको तोंडावर हात ठेवून सगळ्यांची माफी मागत राहिली. जन्मात पहिल्यांदाच ती आधी बोलली होती.

उशिओदाला ते लख्ख आठवत होतं. निदान तसं त्याला वाटत होतं.

ती गेल्यावर एका रात्री त्याला कळलं की घरात तिचा आवाज कुठेच नाही. मिनाएच्या लहानपणीच्या फिती माळ्यावरच्या ओलीने केव्हाच गेल्या होत्या. फोनवरचा निरोप यंत्राचा होता. फोटो काढताना ती नेहमी कॅमेऱ्याच्या मागे असायची. उरलं ते 'कोरडी नदी'च्या शेवटचं "हं, हेच". ऑगस्टमध्ये तिचं पहिलं ओबोन होतं. मेलेली माणसं त्या दिवसांत घरी येतात, आणि पहिल्या वर्षी सगळं नीट करावं लागतं. ती आली की देव्हाऱ्यासमोर तिचा आवाज लावायचा, एवढं त्याने मनाशी धरलं होतं. का, ते कुणी विचारलं असतं तर त्याला धड सांगता आलं नसतं. ज्याचा आवाज त्यालाच ऐकवून काय होणार? पण मनाने घेतलं होतं.

त्याने दुकानातल्या जुन्या सीडी प्लेअरवर 'कोरडी नदी' लावलं. शेवटची झांज वाजली. मग शांतता. त्याने पुन्हा लावलं. कान पेटीला टेकवला. झांज, शांतता.

त्याने ओनुकीला फोन लावला आणि शेवटचा साएकोचा आवाज कुठे गेला ते विचारलं.

"काय रे लाँड्रीवाल्या, तुझ्याकडे कुठली आलीय?"

"कुठली म्हणजे? आपली."

"आपलीच रे, पण कुठली? तीन काढल्यात. 'अ' आहे, 'ब' आहे आणि साधी आहे. मागे बघ लिहिलेलं."

"साधी."

"मग झालं तर. साधीत कसं असेल ते? तसलं काही असलं तर 'ब'त असेल."

"'अ'त का नाही?"

"'अ'त आपली मुलाखत आहे. हानावा झोपलाय तिच्यात. 'ब'त जास्तीचं मुद्रण घातलंय म्हणे. बघ तूच."

"तू ऐकलं नाहीस?"

"मी माझं ऐकत नसतो."

उशिओदाने दुकानावर 'बंद'ची पाटी लावली आणि तो स्टेशनजवळच्या संगीताच्या दुकानात गेला. काउंटरवरच्या मुलीने त्याला ओळखलं नाही, पण आदराने विचारलं, "आजोबा, नातवासाठी हवीय का?"

"मी आहे त्यात."

"हो का? अगदी तुमच्यासारखे दिसताहेत बरं का हे." तिला वाटलं आजोबा विनोद करताहेत. "तुम्हाला कुठली देऊ? 'अ' की 'ब'? आमच्याकडून घेतलीत तर 'ब'बरोबर आमच्या दुकानापुरतं एक जास्तीचं गाणं मिळतं. पलीकडच्या दुकानातून घेतलीत तर त्यांचं वेगळं मिळतं. इंटरनेटवरून घेतलीत तर हातरुमाल."

"एका माणसाला सगळं हवं असेल तर?"

"तर सगळीकडून घ्यायची," ती म्हणाली. यात काही वावगं आहे असं तिला वाटत नव्हतं. "मोठे चाहते घेतातच."

त्याने 'अ' घेतली, 'ब' घेतली, मग पलीकडच्या दुकानातून पुन्हा 'ब' घेतली. घरी येऊन, धुण्याआधी गिऱ्हाइकांच्या कपड्यांचे खिसे तपासतात तशी त्याने एकेक तबकडी तपासली. 'अ'मध्ये हानावा खरंच झोपला होता. 'ब'च्या जास्तीच्या मुद्रणात गाण्यांच्या मधलं बोलणं होतं. ओनुकी खोकत होता. हानावा विचारत होता, पायखाना कुठल्या मजल्यावर? मग स्वतः उशिओदाचा आवाज, "माझी काठी कुणी घेतली?" साएको कुठेच नव्हती. ती त्या हॉलमध्ये कधी आलीच नव्हती, असं वाटावं इतकी नव्हती.

आपणच चुकीचं आठवतोय का, असं तेव्हा पहिल्यांदा त्याच्या मनात आलं. आचाऱ्याला झगा दिला तेव्हाही त्याला अगदी खात्री होतीच.

हानावाला फोन केला. हानावा हळू बोलणारा माणूस, पण आज जास्तच हळू बोलत होता.

"मला वाटतं, ते मोठ्या तबकडीवर असावं. जुन्या पद्धतीची काळी तबकडीही काढलीय ना त्यांनी."

"वाटतं म्हणजे?"

"कुणीतरी म्हणत होतं."

"कोण?"

"अरे, कुणीतरी. हे बघ, फलाटावर गाडी आली माझी, ठेवतो."

फोन ठेवल्यावर उशिओदाच्या लक्षात आलं. त्याने हानावाच्या घरच्या फोनवर लावला होता. हानावाच्या घरात गाडी कुठून आली?

ऑगस्ट लागल्यावर काळी तबकडी त्याला मिळाली, पण वाजवायचं यंत्र नव्हतं. नदीकाठच्या जुन्या कॉफीघरात होतं. तिथला मालक दिवसभर जॅझ लावून बसायचा आणि गिऱ्हाइकांना बोलू द्यायचा नाही. उशिओदाने तबकडी पुढे केली.

"रॉक?" मालकाने नाक मुरडलं.

"एकच गाणं. त्याचाही शेवटच."

"शेवट ऐकायला आलात?" मालकाने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग त्याने तबकडीवरची धूळ पुसली आणि सुई शेवटाकडे ठेवली.

स्पीकरच्या मोठ्या खोक्यांतून 'कोरडी नदी' वाजायला लागलं. इथे सगळं मोठं ऐकू येत होतं. हानावाची बोटं तारेवर घासत होती, तीही. मग शेवटची झांज. स्वच्छ, गोल, लांबपर्यंत.

उशिओदाने कप खाली ठेवला. "ही माझी झांज नाही."

"म्हणजे?"

"माझ्या झांजेला त्या दिवशी चीर गेली होती. दुपारनंतर ती फाटक्या आवाजात वाजत होती. ही सकाळची आहे. दुसऱ्या वेळची आणून जोडलीय." त्याने कपाळ चोळलं. "आवाज नाही कारण ती झांजच नाही."

मालकाला काही कळलं नाही. पण त्याने कॉफी पुन्हा भरली.

त्या संध्याकाळी उशिओदाने कोइकेला फोन केला आणि फक्त एवढंच विचारलं की शेवटची झांज बदलली का. पलीकडे तिने दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मी उद्या येते. फोनवर नको."

ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. भर उन्हात काळा कोट, हातात कापडात बांधलेला मिठाईचा डबा. माफी मागायला येणारी माणसं आणतात तसला डबा. कोइके काउंटरपाशी कमरेत वाकली आणि वर येईना.

"उशिओदा-सान, मी तो आवाज काढला. सगळ्यांतून काढला. 'अ'तून, 'ब'तून, काळ्या तबकडीतून. खूप मोठी चूक झाली."

"का पण?"

"तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून. अंत्यविधीला मी तुम्हाला विचारलं होतं. शेवटी त्यांचा आवाज आहे, तो ठेवू की नको? तुम्ही म्हणालात, 'तुम्हाला सोयीचं असेल तसं करा. आमच्यामुळे तुम्हाला अडचण नको.' मला वाटलं, तुम्हाला तो ऐकवणार नाही, पण तसं बोलायचं नाहीये. म्हणून मी..."

उशिओदाला यातलं काहीच आठवेना. उदबत्त्यांचा धूर, रांग, वाकणारी माणसं आणि प्रत्येकाला तो काहीतरी म्हणत होता. सोयीचं असेल तसं करा. हे तर तो गिऱ्हाइकांनाही म्हणतो. कोट सोमवारी देऊ की मंगळवारी? तुम्हाला सोयीचं असेल तसं.

"आणि ओनुकी? हानावा?"

"त्यांना माहीत होतं. तुम्ही शोधताय हे कळल्यावर मी तुम्हाला सांगणार होते. ते म्हणाले, त्याला काही सांगू नका, आम्ही बघतो. हळूहळू विसरेल म्हणाले."

"म्हणून मला गावभर फिरवलं?"

कोइके पुन्हा वाकली. "मूळ मुद्रण कंपनीत आहे. सगळं आहे त्यात. पण ते सांभाळणारे कालच ओबोनच्या सुट्टीवर गेले. मी सकाळपासून फोन करतेय. सुट्टी संपली की पहिल्याच दिवशी मी स्वतः घेऊन येते."

"सुट्टी संपेल तेव्हा ती परत गेलेली असेल," उशिओदा म्हणाला.

त्याने कोइकेला बसवलं, मिठाई उघडली, आणि दोघांनी एकेक तुकडा खाल्ला. तिचा काही दोष आहे असं त्याला वाटलं नाही. कुणाचा आहे, हेही त्याला ठरवता आलं नाही.

तेरा तारखेला मिनाएने देव्हाऱ्यासमोर, आईला लवकर येता यावं म्हणून काकडीचा घोडा आणि सावकाश परतता यावं म्हणून वांग्याची गाय मांडली. काड्यांचे पाय नीट बसेनात म्हणून गाय एका बाजूला कलली होती. दारात कंदील लागला. पाचच्या सुमारास ओनुकी आणि हानावा आले. दोघेही इस्त्रीचे शर्ट घालून आले होते आणि दोघांच्याही इस्त्र्या वाईट होत्या. त्यांनी उदबत्ती लावली, हात जोडले. मग सगळे पाय दुमडून बसले.

"तुमच्या घराजवळून नवी रेल्वे सुरू झाली म्हणे," उशिओदा हानावाला म्हणाला.

हानावाचे कान लाल झाले.

"माझ्यावर ओरड," ओनुकी म्हणाला. "याला खोटं बोलता येत नाही. मीच शिकवून ठेवलं होतं. मला वाटलं, चार ठिकाणी नाही मिळालं की तू सोडशील. तू साला बँडमध्ये असताना कधी काही सोडलं नाहीस, हे मी विसरलो."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितल्यावर तू काय केलं असतंस?"

ओनुकीने नाक शिंकरलं आणि तो एकदम उठून उभा राहिला.

"मी गातो. तिच्यासाठी. 'कोरडी नदी'च गातो. मिनाए, तुझ्या बाबांच्या त्या सीडीच्या डब्यावर साथ लाव."

"साथ कुठे आहे, ओनुकी-काका?"

"साधीत शेवटी असते की. लोकांना घरी गायला. गाणं काढून टाकलेली, नुसता बाजा."

"तो भाग मी ऐकलाच नाही," उशिओदा म्हणाला.

"कोण ऐकतं? स्वतःचंच गाणं, तेही गायकाविना?"

मिनाएने पहिल्या दिवशी आलेली ती साधी सीडी काढली. ती इतके दिवस काउंटरखाली, टाचण्यांच्या डब्याशेजारी पडली होती. साथ सुरू झाली. ओनुकी देव्हाऱ्याकडे तोंड करून गायला लागला. त्याचा आवाज आता वरच्या पट्टीत फाटायचा, पण तो मागे हटला नाही. शेवटची ओळ त्याने नेहमीप्रमाणे लांबवली, डोळे मिटून, हात पसरून. उशिओदाच्या कानांनी मात्र दुसरंच काही पकडलं. झांज वाजली होती. फाटकी. चिरेची.

"गप्प बस!" तो ओरडला.

ओनुकी तोंड उघडं ठेवून थांबला. तोवर साथ संपली होती.

"इतकं वाईट गायलो?"

"झांज माझी होती. आणि तुझ्या गळ्याखाली काहीतरी होतं. मिनाए, पुन्हा लाव. शेवट. आणि ओनुकी, तू श्वास घेऊ नकोस."

"बाबा, तुम्हाला नक्की..."

"मला काही नक्की नाही. लाव."

तिने लावलं. चौघे पेटीभोवती वाकले. हानावाने डोळे मिटले. झांज वाजली, चिरेतून खरखरली, आणि ती विरण्याआधी, लांबून, हॉलच्या मागच्या भिंतीकडून आल्यासारखा आवाज आला. "हं, हेच." आणि मग, थोडं खालच्या स्वरात, "अहो, चला आता जेवायला."

मिनाएने दोन्ही हात तोंडावर धरले.

मग हानावा हळूच म्हणाला, "साथ काढायचं काम दुसऱ्या कुणाला दिलं असणार. त्याला सांगितलं असेल, गायकाचा आवाज काढ. त्याने ओनुकीला काढलं. वहिनींना काढायला त्याला कुणी सांगितलंच नाही. वहिनी ड्रमच्या माइकमध्ये शिरल्या होत्या."

"म्हणजे मी होतो तिथे ती नाही, आणि मी नाही तिथे ती आहे," ओनुकी म्हणाला आणि डोळे पुसले.

उशिओदा मात्र वेगळ्याच कारणाने गोंधळला होता. "जेवायला चला, हे मला आठवतच नाही."

"बोलली असेल. आपण हसत होतो."

"मला फक्त 'हं, हेच' आठवतंय. इतके महिने मी तेवढंच धरून बसलो." त्याने देव्हाऱ्यावरच्या फोटोकडे पाहिलं. फोटोत साएको नेहमीसारखी, कुणी फोटो काढतंय म्हणून वैतागलेली. "पुन्हा लाव, मिनाए."

तिने तिसऱ्यांदा लावलं. या वेळी ओनुकी मान तिरकी करून ऐकत होता, आणि आवाज संपल्यावर त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू संशय उमटला.

"ए लाँड्रीवाल्या, एक विचारू? आपण पाचही गाणी तिच्या बोलण्यावर पक्की केली. जुनी सगळीसुद्धा."

"मग?"

"तिला ते वाजवणं खरंच आवडलं होतं, की भूक लागली होती?"

हानावा खो-खो हसायला लागला. मिनाए रडता रडता हसली. उशिओदाने विचार केला. तरुणपणापासूनची सगळी "हं, हेच" त्याला एकेक करून आठवली, आणि प्रत्येक वेळी घड्याळात किती वाजले होते ते काही केल्या आठवेना.

"मला माहीत नाही," तो म्हणाला, आणि मार्चनंतर पहिल्यांदाच त्याला हसू आलं. "खरंच माहीत नाही रे."

मग तो उठला आणि देव्हाऱ्यासमोरची तिची वाटी घेऊन भात वाढायला आत गेला.